पुरवण्या भरल्या, उत्तर राहिलं

“सर, तीन पुरवण्या लावल्या होत्या. तरी एवढेच मार्क?”

समाजशास्त्र घेतलेल्या मुलांकडून निकालानंतर हमखास येणारा हा प्रश्न. नवी मुंबईत तो जरा जास्तच ऐकू येतो. मुंबई, ठाणे, रायगड, पालघर या सगळ्या पट्ट्याचं काम पाहणारं राज्य मंडळाचं मुंबई विभागीय कार्यालय वाशीतच आहे. बारावीच्या विद्यार्थ्याला अर्ज करून, शुल्क भरून आपल्या उत्तरपत्रिकेची छायाप्रत मिळवता येते. अशीच एक छायाप्रत घेऊन घणसोली गावातली एक मुलगी माझ्याकडे आली. अक्षर सुरेख, शीर्षकांखाली पट्टीनं मारलेल्या रेघा, कुठे खाडाखोड नाही. एका प्रश्नावर तिनं बोट ठेवलं: ‘नागरीकरणाचे कुटुंबसंस्थेवरील परिणाम सोदाहरण स्पष्ट करा.’

तिचं उत्तर असं होतं. कुटुंबाची व्याख्या, मग आणखी दोन व्याख्या, कुटुंबाची सात वैशिष्ट्यं, कुटुंबाचे प्रकार, नागरीकरणाची व्याख्या, नागरीकरणाची कारणं, आणि सर्वात शेवटी, पान संपत आलं असताना, परिणामांवर आठ ओळी. उदाहरण एकही नाही.

“यात चूक काय आहे ते दाखवा,” ती म्हणाली. मला एकही चूक दाखवता आली नाही. प्रत्येक वाक्य बरोबर होतं. फक्त तेवढ्यासाठी प्रश्न विचारलेला नव्हता.

उत्तरपत्रिका वजनावर तपासतात, अशी एक जुनी समजूत आपल्याकडे आहे. पुरवणी जोडायला उठलेल्या मुलाकडे अख्खा वर्ग धास्तावून बघतो, तो त्या समजुतीमुळेच. तपासणाऱ्याच्या बाजूनं बघितलं तर ती किती पोकळ आहे हे कळतं. त्याच्यापुढे गठ्ठा असतो आणि हाताशी नमुना उत्तर. तो शोधत असतो ती प्रश्नाची उत्तरं. ती पहिल्या पानावर दिसली तर तो खूश होतो, तिसऱ्या पानावर दिसली तर तोवर थकलेला असतो.

१. गाडी नेरूळला थांबते, पण जाते कुठे?

नेरूळच्या फलाटावर उभं राहिलं की छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची गाडी मिळते, ठाण्याची मिळते, पनवेलची मिळते आणि आता उरणचीही मिळते. स्टेशन एक, दिशा चार. रोजचा प्रवासी इंडिकेटर बघितल्याशिवाय पाय उचलत नाही.

प्रश्नातला विषय म्हणजे हे स्टेशन. ‘कुटुंब’, ‘जात’, ‘सामाजिक चळवळ’ हे शब्द दिसले की पाठ केलेलं सगळं फलाटावर येऊन उभं राहतं. गाडी कुठे जाते हे मात्र प्रश्नातलं क्रियापद सांगतं. इथे मराठी माध्यमाच्या मुलांची एक खास अडचण होते, तिच्याबद्दल कुणी बोलत नाही. इंग्रजी प्रश्नपत्रिकेत ‘डिस्कस’, ‘एक्झामिन’ असले शब्द बहुधा वाक्याच्या सुरुवातीला येतात. मराठीत क्रियापद शेवटी. ‘नागरीकरणाचे कुटुंबसंस्थेवरील…’ इथपर्यंत वाचून होतं न होतं तोच ओळखीच्या शब्दाचा आनंद होतो, आणि उरलेले ‘परिणाम सोदाहरण स्पष्ट करा’ हे चार शब्द डोळ्यांखालून नुसते निघून जातात. परीक्षकानं मार्क ठेवलेले असतात ते या चार शब्दांवर.

म्हणून मराठी प्रश्न शेवटाकडून वाचावा. आधी क्रियापदाखाली रेघ, मग त्याआधीच्या शब्दाखाली. ‘स्पष्ट करा’ म्हटलं की कसं आणि का घडतं ते सांगायचं. ‘फरक स्पष्ट करा’ म्हटलं की दोन्ही बाजू एकाच मुद्द्यावर समोरासमोर आणायच्या. आधी एकीचं पानभर आणि मग दुसरीचं पानभर लिहिलं तर तुलना वाचणाऱ्यालाच करावी लागते. ‘चर्चा करा’ला एकापेक्षा जास्त मतं हवीत. ‘चिकित्सक परीक्षण करा’ म्हणजे दिलेलं विधान कुठवर टिकतं आणि कुठे तुटतं ते तपासायचं, आणि शेवटी आपला कौल द्यायचा. चिकित्सा म्हणजे शिव्या घालणं नव्हे, हेही इथेच सांगून टाकतो. विधानाला नुसता विरोध करणाऱ्या उत्तरांचा एक मोसम मी पाहिलेला आहे.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेला समाजशास्त्र घेऊन मराठीत लिहिणाऱ्यांना तर आणखी एक पायरी चढावी लागते. उत्तर मराठीत लिहिता येतं, पण प्रश्नपत्रिका छापलेली असते इंग्रजी आणि हिंदीत. त्यांनी प्रश्नाचं क्रियापद आधी मराठीत, पेन्सिलीनं का होईना, लिहून घ्यावं.

२. रोजचे शब्द, परके अर्थ

भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला नवे शब्द शिकावे लागतात. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला जुने शब्द नव्यानं शिकावे लागतात, आणि ते जास्त अवघड आहे.

‘संस्था’ घ्या. आपल्या बोलण्यात संस्था म्हणजे अध्यक्ष, सचिव, पाटी आणि देणगी-पावती. समाजशास्त्रात संस्था म्हणजे एखादी गरज भागवण्याची रुळलेली, नियमांनी बांधलेली रीत. विवाह ही संस्था. वधू-वर सूचक मंडळ ही संघटना. मंडळ बंद पडू शकतं, त्याला कुलूप लावता येतं. विवाहाला लावता येत नाही. एवढा फरक डोक्यात बसला की ‘कुटुंबसंस्था’ या शब्दातल्या ‘संस्थे’चा अर्थ उलगडतो: घरात कोण राहतं एवढंच नव्हे, तर कुणी कुणाचं काय करायचं याचे नियमही त्यात आले.

किंवा ‘संस्कृतीकरण’. दरवर्षी कुणीतरी लिहितं की संस्कृतीकरण म्हणजे माणसाचं सुसंस्कृत होणं. म्हैसूर नरसिंहाचार श्रीनिवास यांनी १९५२ सालच्या कूर्गवरच्या पुस्तकात ही कल्पना मांडली, ती वेगळीच आहे. उतरंडीत खाली मानली गेलेली जात वरच्या जातीचे आचार, विधी, राहणी उचलते आणि त्या बळावर वरच्या स्थानावर हक्क सांगते, या प्रक्रियेचं ते नाव. त्यात कुणी ‘सुधारतं’ असा निवाडा नाही. शब्द ओळखीचा वाटला की सावध व्हायचं, एवढंच.

३. हूक आणि गोणी

वाशीच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कांदा-बटाट्याच्या गाळ्यांसमोर माथाडी कामगार काम करताना पाहा. भरलेली गोणी नुसत्या बोटांनी पकडली तर घसरते. लोखंडी हूक अडकवला की तीच गोणी उचलून पाठीवर येते. आणि नुसता हूक हातात घेऊन गाळ्यांवरून फिरणाऱ्याला मजुरी मिळत नाही.

संकल्पना हा हूक, उदाहरण ही गोणी. वाईट उत्तरं दोन जातीची असतात. एका जातीत हूकच हूक: व्याख्या, सिद्धान्त, विचारवंत, पण त्यांनी उचललेलं काहीच नाही. दुसऱ्या जातीत नुसत्या गोण्या: ‘आजकाल लोक स्वार्थी झाले आहेत, मोबाइलमुळे संवाद संपला आहे’ असली वाक्यं, जी चहाच्या टपरीवरही ऐकायला मिळतात. पहिला मुलगा पाठांतराचा, दुसरा गप्पांचा. दोघांनाही निम्मेच मार्क पडतात आणि दोघांनाही ते कळत नाही.

माथाडींचंच उदाहरण बघा. १९६९ साली महाराष्ट्रानं माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसाठी कायदा केला. त्यामागे अण्णासाहेब पाटील यांनी बांधलेली संघटना होती. पुढे मुंबईतला घाऊक बाजार वाशीला हलला. दक्षिण मुंबईतली कोंडी कमी करणं हा त्याचा जाहीर हेतू. पण बाजारामागे कामगार आले, कोपरखैरणे-घणसोलीत त्यांची घरं झाली, आणि साताऱ्याकडच्या गावांमधली नाती या शहरात येऊन रुजली. आता हूक लावा. रॉबर्ट मर्टन यांनी सामाजिक कार्याचे दोन प्रकार सांगितले: प्रकट कार्य, म्हणजे जे घडावं म्हणून ती गोष्ट केली ते; आणि अप्रकट कार्य, म्हणजे जे कुणी ठरवलं नव्हतं, तरी घडलं ते. कोंडी कमी होणं हे प्रकट. नव्या शहरात देशावरच्या माणसांची एक वस्ती उभी राहणं हे अप्रकट. दोन वाक्यांत गोणी पाठीवर आली.

४. दाराशी असलेलं पुस्तक

‘सोदाहरण’ हा शब्द दिसला की मुलं अमेरिका नाहीतर ‘एक गाव’ असं काहीतरी लिहितात. नवी मुंबईतल्या मुलानं हे करावं याचं मला नवल वाटतं. समाजशास्त्राचा निम्मा अभ्यासक्रम इथे रस्त्यावर उभा आहे.

थोडी उजळणी. चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी खाडीपलीकडे जुळं शहर वसवण्याची कल्पना साठच्या दशकात मांडली. १७ मार्च १९७० रोजी ते शहर घडवण्यासाठी सिडको हे सरकारी महामंडळ स्थापन झालं. ठाणे आणि त्या वेळच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या ९५ गावांची जमीन त्यासाठी ठरवली गेली. क्षेत्र सुमारे ३४४ चौरस किलोमीटर. तिथे राहत होते मुख्यतः आगरी आणि कोळी: भातशेती, मिठागरं, खाडीतली मासेमारी. मोबदल्यावरून संघर्ष पेटला. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी उरण तालुक्यात जासई परिसरात आंदोलकांवर गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले. नेतृत्व शेतकरी कामगार पक्षाच्या दि. बा. पाटील यांचं. त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली: संपादित जमिनीच्या प्रमाणात विकसित भूखंड परत.

एवढ्या एका परिच्छेदावर किती हूक चालतात ते बघा. जमीन कुणाच्या मालकीची आणि शहराचा फायदा कुणाच्या पदरात, हे विचारलंत की मार्क्सचा संघर्षाचा दृष्टिकोन आला. शेजारी टॉवर उभे राहिले, मूळ मालक मात्र जुन्याच घरात राहिला, ही तुलनेतून येणारी सल सांगितलीत की सापेक्ष वंचितता आली. तक्रारी तर पुष्कळ गावांत असतात, मग लढा इथेच का उभा राहिला, असं विचारलंत की साधनांच्या जमवाजमवीचा सिद्धान्त आला. मॅकार्थी आणि झाल्ड यांनी १९७७ साली तो मांडला. चळवळीला नुसता राग पुरत नाही, संघटना, नेतृत्व, संपर्क लागतो, हे त्याचं सार. आणि याच पट्ट्यात, अलिबाग तालुक्यात चरी इथे, नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी खोतांविरुद्ध १९३३ पासून सहा वर्षं संप चालवला होता. पेरणीच बंद ठेवली होती. संघटनेची ही शिदोरी १९८४ च्या पिढीकडे होती, असं म्हणायला जागा आहे. ‘असं म्हणायला जागा आहे’ हे शब्दही लक्षात ठेवा. खात्री तेवढंच ठाम, अनुमान तिथे अनुमान.

आता शब्दांकडे या. याच माणसांना सरकारी कागद ‘प्रकल्पग्रस्त’ म्हणतो. ती स्वतःला ‘भूमिपुत्र’ म्हणवतात. पहिल्या शब्दात ती नुकसान सोसणारी आहेत, दुसऱ्यात हक्कदार. दोन्ही शब्द एकाच घरातल्या दोन फायलींवर सापडतील. नावावरून होणारी ही ओढाताण सगळ्यात स्पष्ट दिसते ती घरांच्या बाबतीत, आणि तिथेच मला एक पूर्ण उत्तर घडवून दाखवायचं आहे.

५. एका भिंतीवरचं उत्तर

प्रश्न असा धरू: ‘विचलन हे कृतीत नसून समाजाने मारलेल्या शिक्क्यात असते. चिकित्सक परीक्षण करा.’ दहा गुण.

शेवटून वाचा. ‘चिकित्सक परीक्षण’, म्हणजे विधान कुठवर टिकतं ते तपासायचं. विषय विचलन, म्हणजे समाजमान्य नियमांपासून दूर जाणारं वर्तन. विधान कुणाचं? हॉवर्ड बेकर यांचं मत हेच आहे. ‘आउटसायडर्स’ हे त्यांचं पुस्तक १९६३ चं. उदाहरण? चोर, जुगारी, व्यसनी हे सगळे लिहितील. आपण गावठाणात जाऊ.

मूळ गावांची कुटुंबं वाढली. भाऊ वेगळे झाले, मुलांची लग्नं झाली. गावठाणाची हद्द काही त्या वेगानं वाढली नाही. लोकांनी लागून, वर, मागे बांधलं. प्रशासनाच्या नोटिशीत त्या घराचं नाव ‘अनधिकृत बांधकाम’. गावात त्याच घराचं नाव ‘गरजेपोटी बांधलेलं घर’. विटा त्याच, भिंत तीच. पुढे अशी घरं नियमित करण्याचे निर्णय शासनानं वेळोवेळी घेतले, म्हणजे विटेला हात न लावता कागदावर घराचं रूप पालटलं. बेकर यांना याहून चांगलं उदाहरण कोण देणार?

पण परीक्षण अजून झालेलं नाही. शिक्क्याचा सिद्धान्त सांगतो की घर ‘अनधिकृत’ कसं ठरलं. ते बांधलं का गेलं, हे तो सांगत नाही. तिथे मर्टन पुन्हा कामाला येतात. समाज एखादं उद्दिष्ट सगळ्यांपुढे ठेवतो, पण तिथवर पोचण्याचे मान्य मार्ग सगळ्यांना देत नाही. त्या ताणातून नियमभंग होतो. घर हवं हे उद्दिष्ट मान्य, परवानगीची वाट अडलेली. आणि एक तिसरी गोष्ट: रस्ता अडवणारं, अग्निशमन गाडीला जागा न ठेवणारं बांधकाम शिक्का नसला तरी धोक्याचंच असतं. म्हणजे सगळंच शिक्क्यात नसतं.

हे सगळं परीक्षेच्या भाषेत बसवलं तर असं काहीसं होतं:

‘विचलन म्हणजे समाजमान्य नियमांपासून दूर जाणारे वर्तन. हॉवर्ड बेकर यांच्या मते ते कृतीचा अंगभूत गुण नसून इतरांनी नियम लावून मारलेल्या शिक्क्याचा परिणाम असते. नवी मुंबईतील गावठाणांचे उदाहरण या मताला पुष्टी देते. वाढत्या कुटुंबांनी बांधलेल्या घरांना प्रशासन “अनधिकृत” म्हणते, तर ग्रामस्थ “गरजेपोटी बांधलेली” म्हणतात. शासनाने अशी घरे नियमित करण्याचा निर्णय घेतला की बांधकाम न बदलता त्याचा सामाजिक अर्थ बदलतो. शिक्का मारण्याचा अधिकार कोणाकडे आहे, हा सत्तेचा प्रश्नही येथे दिसतो.

मात्र या दृष्टिकोनाला मर्यादा आहेत. नियम मोडला का गेला, हे तो सांगत नाही. मर्टन यांच्या मते मान्य उद्दिष्ट आणि उपलब्ध मार्ग यांतील तफावत नियमभंगाला जन्म देते. गावठाण विस्ताराची वाट अडल्याने हीच तफावत निर्माण झाली. शिवाय काही बांधकामांतील धोका शिक्क्यावर अवलंबून नसतो. म्हणून विचलन ठरते कसे, यासाठी बेकर उपयुक्त आहेत. विचलन घडते का, यासाठी समाजरचनेकडेच पाहावे लागते.’

सव्वाशे शब्दांच्या आसपास. पहिल्याच दोन वाक्यांत व्याख्या आणि दिशा आली, विधानाला आधार मिळाला, मग ते अडवलं गेलं, आणि शेवटच्या वाक्यात कौल दिला. ‘अशा प्रकारे विचलन ही एक महत्त्वाची संकल्पना आहे’ असला शेवट त्यात नाही. ते वाक्य कुठल्याही उत्तराखाली चालतं, म्हणून कुठल्याच उत्तराखाली त्याचे मार्क मिळत नाहीत.

६. साक्षीदार की वऱ्हाडी?

नावं किती घ्यावीत, असं मुलं विचारतात. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचा विभाग १९१९ साली पॅट्रिक गेडिस यांच्यापासून सुरू झाला. नंतर मालवणचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी तो वाढवला. श्रीनिवास, इरावती कर्वे, अक्षयकुमार देसाई हे सगळे त्यांचे विद्यार्थी. तेव्हा नावांची आपल्याकडे वाण नाही. पण लग्नाला वऱ्हाड आणावं तशी ती आणली की कोण कशासाठी आलंय तेच कळत नाही. कोर्टात साक्षीदार बोलावतात तो एका ठरावीक गोष्टीसाठी. विचारवंताला तसंच बोलवावं.

‘शहरीकरणामुळे जात संपत चालली आहे काय?’ हा प्रश्न घ्या. साक्षीदार पहिला, घुर्ये. त्यांनी ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ या १९३२ च्या पुस्तकात जातीची सहा लक्षणं सांगितली: समाजाची तुकड्यांत विभागणी, उतरंड, खाण्यापिण्याचे आणि व्यवहाराचे निर्बंध, हक्क आणि वंचना यांची वाटणी, व्यवसायाचं बंधन, विवाहाचं बंधन. ही यादी पाठ म्हणून दाखवू नका, तपासयादी म्हणून वापरा. हार्बर मार्गावरच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकणारा माणूस शेजाऱ्याची जात विचारत नाही. ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये पंक्ती लागत नाहीत. व्यवसायाचं बंधन बरंच सैल झालं. म्हणजे सहापैकी काही खुंट्या निखळल्या. विवाहाचं काय? रविवारच्या वर्तमानपत्रातलं वधू-वरांचं पान उघडा, स्तंभ जातीनुसार लावलेले दिसतात.

आता दुसरा साक्षीदार. १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी म्हटलं होतं की जातीचं मर्म एकाच गोष्टीत आहे, जातीअंतर्गत विवाहात. दोन साक्षी जुळवल्या की निकाल आपोआप लागतो: शहरानं जातीची बाहेरची लक्षणं झिजवली, पण आंबेडकरांनी ज्याला मर्म म्हटलं ते अजून उभं आहे, म्हणून जात संपत नाही, आक्रसून घरात येते. दोनच नावं, पण दोघांनी काम केलं. पाच नावं घेऊन हेच उत्तर वाईट लिहिता येतं.

अवतरणचिन्हांबद्दल एक सूचना. शब्दशः आठवत नसेल तर विचारवंताच्या तोंडी वाक्य घालू नका. ‘त्यांच्या मते’ म्हणून सार सांगा. परीक्षेत रचलेली अवतरणं तपासणाऱ्याला लगेच ओळखू येतात. बहुतेक वेळा ती विचारवंतापेक्षा ‘अपेक्षित’ प्रश्नसंचासारखी बोलतात.

७. घड्याळाचा हिशेब

हा भाग कोरडा आहे, पटकन उरकू. बारावीचा लेखी पेपर ८० गुणांचा, वेळ तीन तास. १८० भागिले ८०, म्हणजे गुणाला सव्वादोन मिनिटं. प्रश्न वाचायला आणि शेवटी नजर फिरवायला वीस मिनिटं काढून ठेवली तर गुणाला दोन मिनिटं उरतात. दहा गुणांना वीस मिनिटं, त्यातली पहिली तीन मुद्दे काढायला.

लोकसेवा आयोगाचा वैकल्पिक विषयाचा पेपर २५० गुणांचा आणि वेळ तीच. गुणाला पाऊण मिनिटही नाही. दीडशे शब्दांच्या दहा गुणी उत्तराला सात मिनिटं, वीस गुणांना चौदा. इथे तीन मिनिटं विचार करायला मिळत नाहीत. विचार घरून करून यावा लागतो. म्हणूनच रोज एक उत्तर घड्याळ लावून लिहिणं हे दहा उत्तरं वाचण्यापेक्षा जास्त कामाचं. लिहिलेलं दुसऱ्या दिवशी वाचावं, आणि प्रत्येक परिच्छेदाला एकच गोष्ट विचारावी: हा काढला तर प्रश्नाचं उत्तर कमी होतं का? होत नसेल तर तो भरताड होता.

८. ‘आमचं’ लिहायचं का?

घणसोलीच्या त्या मुलीला मी तेच कुटुंबाचं उत्तर पुन्हा लिहायला सांगितलं. ती बराच वेळ पेन चावत बसली. मग म्हणाली, “सर, आमच्या घराचं लिहिलं तर चालेल?”

घर कसं आहे विचारलं. तळमजल्यावर आजी आणि मोठे काका. वर तिचे आईबाबा. त्याच्या वर धाकटे काका. तीन मजले, तीन स्वयंपाकघरं, तीन गॅस. पण भूखंडाचे कागद एकाच पिशवीत, ती पिशवी आजीच्या कपाटात. हळदीला, गणपतीला, दवाखान्याच्या खर्चाला सगळे एक.

पाठ्यपुस्तकातलं ठरावीक वाक्य म्हणतं, शहरीकरणानं संयुक्त कुटुंब मोडतं. हे घर मोडलं होतं का? चुली मोजल्या तर तीन विभक्त कुटुंबं. व्यवहार मोजले तर एक. आय. पी. देसाई यांनी गुजरातेतल्या महुवा या छोट्या शहराचा अभ्यास करून १९६४ साली हेच दाखवलं होतं: एका छताखाली राहणं म्हणजे संयुक्तपणा नव्हे, परस्परांवरची कर्तव्यं आणि संपत्तीचे धागेही बघावे लागतात. वेगळी राहणारी घरंही त्या अर्थानं जोडलेली असू शकतात. त्या मुलीनं देसाई वाचले नव्हते. तिच्या घरात ते तीन मजले उभे होते.

“घराचं लिही,” मी म्हणालो, “पण ‘आमचं’ काढ.” मॅक्स वेबर यांनी अभ्यासकाला हेच बजावलं होतं: माणसं आपल्या वागण्याला जो अर्थ देतात तो आतून समजून घ्या, पण आपली आवड-नावड निष्कर्षात मिसळू देऊ नका. ‘आमच्या घरी सगळे प्रेमानं राहतात’ ही भावना झाली. ‘गावठाणातील एका घरात’ म्हटलं की ते निरीक्षण होतं, आणि दुसऱ्या कुणाला ते तपासता येतं. एका घरावरून सगळ्या शहराबद्दल बोलायचं नाही, हेही सांगितलं. एक घर एवढंच दाखवू शकतं की नियमाला अपवाद आहे, आणि तो का आहे.

तिनं व्याख्या एका ओळीत आटोपली. कुटुंबाचे प्रकार लिहिलेच नाहीत. चौथ्या ओळीत लिहिलं: ‘नागरीकरणाने गावठाणातील कुटुंबांच्या चुली वेगळ्या केल्या, परंतु संपादित जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या भूखंडाने त्यांचे हितसंबंध पुन्हा एकत्र बांधले.’ मग मान वर करून विचारलं, “आता पुरवणी लागेल का, सर?”

लागली नाही.